बुडीत सोन्याचे वकील

समुद्राच्या तळाशी रुतलेल्या स्पॅनिश गलबतांतून निघालेली सोन्याची नाणी विकत घेणे हा निरुपद्रवी छंद तर आहेच, शिवाय ती इतिहासाची एक प्रकारे सेवाही आहे, असा जो पक्ष नाणेसंग्राहकांच्या बैठकींत आणि त्याहूनही अधिक आग्रहाने लिलावगृहांच्या सचित्र सूचीपत्रांत मांडला जातो, तो वरवर पाहता इतका सयुक्तिक भासतो की त्याचे खंडन करू जाणारा मनुष्य एकतर अरसिक ठरतो, नाहीतर परक्याच्या ऐश्वर्यावर जळणारा तरी. सरकारी खाती हातावर हात ठेवून बसली असता खाजगी पाणबुड्यांनी प्राण पणाला लावून हे द्रव्य वर काढले. त्या साहसाचा खर्च संग्राहकांच्या पैशाने भागला. त्यांच्याच काचपेट्यांत ही नाणी वितळण्यापासून वाचली. आणि ज्या स्पेनने हे सोने अमेरिकेतील प्रजेकडून ओरबाडून नेले त्याच स्पेनने आज त्यावर मालकी सांगावी हा शुद्ध निर्लज्जपणा होय: इतकाच ह्या पक्षाचा मथितार्थ. ह्यातील प्रत्येक विधानात सत्याचा काही अंश आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. पण अंशतः खऱ्या गोष्टींची मोट बांधून जो निष्कर्ष पुढे रेटला जातो तो मात्र आम्हांस सपशेल अमान्य आहे.

ज्या नाण्याविषयी हा वाद आहे ते आधी नीट पाहिले पाहिजे. आठ एस्कुदोंचे हे नाणे, ज्याला चाच्यांच्या गोष्टींनी डब्लून ह्या नावाने जगभर प्रसिद्धी दिली, वजनाला सुमारे सत्तावीस ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबी सव्वादोन तोळ्यांच्या थोडे वर, आणि कसाला बावीस कॅरट. मेक्सिकोच्या टांकसाळीत सोन्याची नाणी पाडण्यास १६७९ मध्ये आरंभ झाला, आणि १७३२ मध्ये यंत्रावर वाटोळी नाणी पडू लागेपर्यंत तेथील सगळा व्यवहार हाताचा होता: धातूची कांब ओतावयाची, तिचे तुकडे छिनून काढावयाचे, वजन अधिक भरल्यास कडेचा कपटा कातरावयाचा, आणि तो तुकडा दोन ठशांच्या मध्ये धरून वर हातोडा हाणावयाचा. टांकसाळीचा पारखी वजनाला आणि कसाला जबाबदार असे, आकाराला नव्हे. त्यामुळे नाणे वाकडे, एकीकडे जाड तर दुसरीकडे निमुळते, आणि पुष्कळदा सालाचे आकडे जेथे उमटावयाचे तेथेच धातू संपलेला. ढालीच्या डाव्या अंगास टांकसाळीची खूण आणि तिच्याखाली पारख्याचे एक अक्षर, उजव्या अंगास रोमन आठ, पाठीवर क्रूस: इतके वाचता आले म्हणजे संग्राहक धन्य होतो. मधूनच एखादे नाणे मात्र राजाच्या नजरेस पडावे म्हणून जाड, वाटोळे आणि ठळक ठशाचे पाडलेले असे. त्याला बाजारात 'रॉयल' म्हणतात आणि त्याच्या किमतीचे आकडे ऐकून सामान्य माणसाने गप्प बसावे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चांदीचे नाणे खाऱ्या पाण्यात शतकभर राहिले की काळवंडते, त्याच्या कडा झिजतात, पृष्ठभाग खवल्यासारखा होतो. समुद्राने आपली सही त्यावर करून ठेवलेली असते. सोन्याला समुद्र लागत नाही. ते टांकसाळीतून जसे निघाले तसेच वर येते. म्हणून एखादे सुवर्णनाणे फ्लोरिडाच्या वाळूतून निघाले की सेव्हिलच्या एखाद्या जुन्या घराच्या भिंतीतून, हे नुसत्या नजरेने कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. असे असूनही '१७१५ च्या ताफ्यातील', म्हणजे त्या साली फ्लोरिडापाशी वादळात बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यातील, असा दाखला ज्या नाण्यासोबत जोडलेला असतो त्याला ग्राहक राजीखुशीने चढी किंमत मोजतो. ही चढी किंमत कशाची? धातूची नव्हे, कारण धातू दोहोंतही तोच. दुर्मिळतेचीही नव्हे, कारण मेक्सिकोची त्या काळातील नाणी ह्याच ताफ्यातून सर्वाधिक निघाली आहेत. ती किंमत त्या वादळाची, त्या जहाजाची, त्या तळाची आहे. शास्त्रीय भाषेत ज्याला स्थानसंदर्भ म्हणतात त्याची आहे. आमचा मूळ आक्षेप नेमका येथे आहे: जो संदर्भ हा व्यापार विकतो, तोच संदर्भ नाणी काढताना आणि वाटताना तो मोडून टाकतो, आणि ग्राहकाच्या हाती अखेरीस उरतो तो विक्रेत्याच्या सहीचा एक कागद.

ह्या कागदाची किंमत किती हे सांगावयास फ्लोरिडातच घडलेले एक प्रकरण पुरेसे आहे. १७१५ च्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस हवानाहून निघालेला बारा जहाजांचा ताफा महिनाअखेरच्या रात्री फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यापाशी वादळात सापडला, अकरा जहाजे फुटली, हजाराच्या आसपास माणसे प्राणास मुकली. बरोबर तीनशे वर्षांनी, २०१५ च्या जुलैअखेरीस, त्याच किनाऱ्यावर साडेतीनशे सुवर्णनाणी सापडल्याची वार्ता जगभर गाजली आणि त्यांचे मोल पंचेचाळीस लाख डॉलर सांगण्यात आले. पुढे २०२४ मध्ये तेथील सरकारी तपासखात्याने जे जाहीर केले ते असे की, २०१५ मध्येच कंत्राटी पाणबुड्यांना सापडलेल्या एकशे एक नाण्यांपैकी एक्कावन्नच दप्तरी नोंदली गेली, पन्नास परस्पर लांबवण्यात आली, आणि त्यांतील तीन नाणी २०१६ मध्ये नव्या भागीदारांना 'सापडावीत' म्हणून मुद्दाम समुद्राच्या तळाशी पुन्हा नेऊन ठेवण्यात आली. पन्नासांपैकी सदतीस नाणी तपासखात्याने हस्तगत केली. आमचा वाचक विचार करील तर ह्या तीन नाण्यांची गोष्ट सदतिसांपेक्षा अधिक बोलकी आहे. ती अस्सल होती; समुद्रातून आली होती; आणि तरीही ती जेथे सापडली तेथे ती कधी बुडाली नव्हती. ज्या व्यापारात अशी बनवाबनव शक्य होते आणि ती उघडकीस यावयास आठ वर्षे लागतात, त्यातील दाखल्यांवर संग्राहकाने इतिहासाचे इमले चढवावेत आणि त्याला सेवा म्हणावे, हे धारिष्ट्य खरोखरच असामान्य होय.

'पण खाजगी माणसे गेली नसती तर हे वर आलेच नसते' ह्या उद्धाराच्या युक्तिवादाकडे आता वळू. किप वॅगनर नावाचा घरे बांधणारा एक कंत्राटदार १९५० नंतरच्या दशकात किनाऱ्यावर वाहून आलेली नाणी वेचू लागला, त्याने साथीदार जमवून कंपनी काढली, १९६४ मध्ये तिच्या हाती सोने लागले, आणि तिच्याशी आधीच हातमिळवणी केलेल्या मेल फिशरच्या पाणबुड्यांना त्याच वर्षी एका जागी हजाराहून अधिक सुवर्णनाणी अंथरल्यासारखी दिसली, हा इतिहास आम्ही नाकारीत नाही. ह्या माणसांच्या चिकाटीविषयी आम्हांस आदरच वाटतो. फिशरने पुढे १६२२ मध्ये बुडालेल्या 'आतोचा'चा सोळा वर्षे पाठपुरावा केला, १९७५ मध्ये त्या शोधात त्याचा मुलगा, सून आणि एक सहकारी नाव उलटून बुडाले, आणि १९८५ च्या २० जुलैस ते जहाज अखेर सापडले. अशा माणसाला लुटारू म्हणून मोकळे होणे हलकटपणाचे ठरेल.

तथापि उद्धाराचे श्रेय वाटावयाचे झाल्यास ते पुरते वाटले पाहिजे. 'आतोचा'चा ठिकाणा लागला तो प्रामुख्याने युजीन लायन ह्या इतिहाससंशोधकाने सेव्हिलच्या इंडीज दप्तरखान्यात तत्कालीन कागद वाचून शोधाची दिशा बदलून दिली म्हणून. आणि जहाज सापडल्यावर ते 'आतोचा'च असे सिद्ध झाले ते चांदीच्या विटांवरील क्रमांक त्याच दप्तरातील मालयादीशी जुळले म्हणून. स्पॅनिश अमलदारांनी नोंदी केल्या, स्पेनने त्या साडेतीन शतके जतन केल्या, आणि त्या आयत्या पुंजीवर खाजगी भांडवलाने आपला नफा कमावला. त्यातच, १७१५ च्या ताफ्याचा उद्धार सर्वप्रथम केला तो स्पेननेच: वादळानंतर काही आठवड्यांतच किनाऱ्यावर छावणी पडली, पाणबुडे आणले गेले, आणि बुडालेल्या द्रव्याचा मोठा भाग वर काढून परत नेला गेला. त्या छावणीवर इंग्रज जहाजवाल्यांनी छापा घालून ती लुटली ही कथा आजचे विक्रेते मोठ्या चवीने छापतात, आणि आपले पूर्वज त्या कथेत कोणत्या बाजूस उभे होते ह्याचा विचार करीत नाहीत.

उद्धार कसा होतो हेही एकदा पाहावे. फिशरच्या माणसांनी १९६० नंतरच्या दशकात एक युक्ती काढली: बोटीच्या मागील पंख्यावर कोपरासारखा वाकवलेला एक भलामोठा नळ बसवावयाचा, बोट नांगरून एका जागी खिळवावयाची, आणि यंत्र सुरू करावयाचे, म्हणजे पंख्याने ढकललेले पाणी मागे न जाता सरळ खाली तळावर आदळते. वरचे निवळ पाणी खाली जाऊन पाणबुड्याला स्पष्ट दिसावे हा मूळ हेतू. पण लवकरच असे आढळले की हा झोत वाळूत खोल खड्डा पाडतो. मग काय! दिवसाला एकामागून एक खड्डे पडू लागले, वाळू उडाली, जड सोने खड्ड्याच्या तळाशी राहिले आणि हलके ते सर्व, म्हणजे लाकडाच्या ढलप्या, दोरखंड, चामडे, बिया, हाडे, मातीची खापरे, उधळून गेले. फुटक्या जहाजांवर वादळांनी आधीच बरीच उलथापालथ केलेली असते हे आम्ही जाणतो, आणि पुढे काही मंडळींनी नोंदी ठेवण्याचा प्रामाणिक यत्नही केला. परंतु जे शिल्लक होते त्यावर हा प्रयोग झाल्यानंतर 'आम्ही इतिहास वाचवला' असे म्हणणे म्हणजे वाड्याला आग लावून आत सापडलेली पितळी भांडी जपून ठेवल्याबद्दल शाबासकी मागणे होय.

आणि ह्या उधळपट्टीत नेमके काय गेले? स्पॅनिश अमेरिकेतील सोन्याविषयी ज्यास थोडीशीही जिज्ञासा आहे त्यास ठाऊक आहे की राजाचा हिस्सा चुकवण्याकरिता चोरटे सोने सर्रास जहाजावर चढे. अशा सोन्याची नोंद मालयादीत असणे शक्यच नाही. सेव्हिलचे दप्तर येथे मुके आहे. बोलू शकला असता तो फक्त तळ. नाणी राजमुद्रेच्या पेटीत होती, की एखाद्या प्रवाशाच्या ट्रंकेत, की खलाशाच्या गाठोड्यात, की फळ्यांच्या सांदीत खुपसलेली. त्यांच्या शेजारी काय होते, एका थैलीत एकाच सालाची होती की अनेक सालांची: ह्या एकेका प्रश्नाच्या उत्तरात त्या साम्राज्याचा खरा जमाखर्च दडलेला होता. ज्या नाण्यावर साल उमटलेले नाही त्याचा काळ ठरवावयासही शेजारची नाणीच साक्षीला येतात. पेटी फोडून, हिस्से पाडून, तज्ज्ञाकडून प्रत ठरवून, पारदर्शक डबीत मोहोरबंद करून तीच नाणी हजार घरांत पोहोचली की ही साक्ष कायमची बुडते, आणि ह्या खेपेस तिला वर काढणारा कोणी फिशर जन्मास यावयाचा नाही.

नाणेशास्त्र संग्राहकांनी वाढवले हे मात्र खरे, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने लिहितो. फिलिप पाचव्याच्या आरंभीच्या मेक्सिकन सोन्याविषयीचे आजचे ज्ञान पुष्कळसे ह्या ताफ्यातील नाण्यांवरच उभे आहे, आणि ठसे, पारख्यांची अक्षरे, साले ह्यांची कोष्टके तयार करण्यात हौशी संग्राहकांनी जे परिश्रम केले तसे कित्येक पगारी विद्वानांनी केले नाहीत. फ्लोरिडात राज्यसरकार परवाने देते आणि सापडलेल्या वस्तूंतील वीस टक्क्यांपर्यंत भाग वस्तुसंग्रहालयांसाठी राखते, ही व्यवस्थाही अगदीच टाकाऊ नाही. पण हे सर्व ज्ञान नाणे हातात घेऊन, विकत घेऊनच मिळते असे म्हणण्याचे दिवस सरले. १७०८ मध्ये इंग्रजांशी झुंजताना कोलंबियातील कार्ताहेनापाशी बुडालेले 'सान होसे' सुमारे सहाशे मीटर खोलीवर आहे. कोलंबियाच्या संशोधकांनी यंत्राद्वारे त्याच्या तळाची छायाचित्रे घेऊन, तेथील हातघडणीच्या नाण्यांवरील क्रूस, मनोरे, सिंह, लाटांवर उभे हर्क्युलिसचे खांब, लिमा टांकसाळीची खूण आणि १७०७ हे साल इतके सर्व वाचून २०२५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यावेळी त्यांतील एकही नाणे जागचे हलवले नव्हते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एक तोफ, एक चिनी मातीचा पेला आणि मोजकी नाणी अभ्यासासाठी वर आणण्यात आली, लिलावासाठी नव्हे. 'आम्ही विकत घेतले नाही तर अभ्यास कसा व्हावयाचा' असे विचारणाऱ्यांनी ह्या तारखा टिपून ठेवाव्यात.

राहिला स्पेनच्या निर्लज्जपणाचा मुद्दा, ज्यात भावनेचा जोर सर्वांत अधिक आणि विचाराचा सर्वांत कमी आहे. २००७ मध्ये ओडिसी ह्या अमेरिकी कंपनीने अटलांटिकच्या तळातून सुमारे ५,९४,००० नाणी काढून, जहाजाचे नाव न सांगता, जिब्राल्टरहून विमानाने फ्लोरिडास नेली. बहुतेक चांदीची, काही शे सोन्याची. एकूण वजन सतरा टन. ते जहाज आपले 'मेर्सेदेस' असल्याचा दावा स्पेनने केला, आणि अमेरिकेच्या न्यायालयांनी तो मान्य केल्यावर २०१२ च्या फेब्रुवारीत दोन लष्करी विमानांतून तो ठेवा स्पेनला परत गेला. पेरूनेही आपला हक्क मांडला होता. आमच्या टांकसाळीत, आमच्या खाणींतील धातूची ही नाणी आहेत, हे त्याचे म्हणणे न्यायालयात टिकले नाही. आता न्यायनीतीच्या दृष्टीने पाहता पेरूचे म्हणणे पोकळ होते असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पोतोसीच्या डोंगरात वेठीने राबवलेले आंदियन खेडूत आणि नवग्रनादाच्या नद्यांत सोने धुणारे आफ्रिकी गुलाम ह्यांचे ऋण कोणत्याही निवाड्याने फिटलेले नाही. पण त्यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? चोराचा माल दुसऱ्या कोणी उचलला म्हणून तो उचलणाऱ्याचा होत नाही, हे तत्त्व आपल्या गावच्या पंचांनाही ठाऊक असते. मालकी वादग्रस्त आहे, दावेदार अनेक आहेत, त्यांतील काहींचे तोंड आजवर बंद होते: हे सर्व खरे असेल तर ठेवा एकत्र आणि अखंड राखणे हाच एकमेव न्याय्य मार्ग उरतो, कारण स्पेनमधील कार्ताहेनाच्या वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या नाण्यांविषयी पेरू उद्या पुन्हा बोलणी करू शकेल, टेक्सासमधील एखाद्या दंतवैद्याच्या तिजोरीतील नाण्याविषयी कोणाशी बोलावयाचे?

'मेर्सेदेस'विषयी आणखी एक गोष्ट सूचीपत्रांत क्वचितच छापली जाते. १८०४ च्या ५ ऑक्टोबरला इंग्रज तोफांच्या माऱ्यात ते जहाज दारूगोळ्यासह उडाले तेव्हा अडीचशेच्या आसपास माणसे मेली. त्यांत दिएगो दे आल्वेआर ह्या अधिकाऱ्याची पत्नी आणि तिच्यासोबतची मुले होती, आणि तो स्वतः एका मुलासह शेजारच्या जहाजावर असल्यामुळे तेवढा बचावला. वाचलेला तो मुलगा, कार्लोस, पुढे आर्जेन्टिनाच्या राजकारणात सर्वोच्च पदास चढला. दफनभूमी खणून तेथील दागिने विकणाऱ्यास आपण काय म्हणतो हे सांगावयास नको.

'एकाच ठशाची पाच हजार नाणी संग्रहालयाच्या तळघरात कुजवून काय उपयोग' ह्या प्रश्नाला मात्र उत्तर देणे कठीण आहे, आणि ते कठीण नाही असे आम्ही भासवणार नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारनाम्याने शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या वारशाचा व्यापारी उपयोग सरसकट निषिद्ध ठरवला. अमेरिकेने तो अद्याप स्वीकारलेला नाही. हा निषेध काही ठिकाणी अव्यवहार्य ठरेल असे आम्हांसही वाटते. प्रत्येक नाण्याचे स्थान, वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि ठशांचे परस्परसंबंध प्रसिद्ध झाल्यानंतर काही दुबार नाणी सरकारने विकून त्या पैशावर उरलेल्यांचे जतन केले तर आम्ही आक्रोश करणार नाही. पण आजचा बाजार ह्या शर्तीवर चालत नाही. तो आधी विकतो. आणि हातघडणीच्या नाण्यांत 'दुबार' हा शब्द मुळातच जपून वापरावयाचा असतो, कारण प्रत्येक तुकडा निराळा कातरलेला आणि प्रत्येक घाव निराळा बसलेला.

गोव्याच्या समुद्रातील सुंची खडकाचा दाखला ह्या संदर्भात आमच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पोर्तुगीज गलबताचे अवशेष तेथे दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी अभ्यासले: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबानी रांजणांचे तुकडे, तोफा. सोन्याची रास निघाली नाही. म्हणून कोणी कंपनी काढली नाही, कोणी कज्जा केला नाही, कोणी सूचीपत्र छापले नाही. आणि तरीही पाणघोड्याच्या त्या दातांवरून आफ्रिकेचा किनारा आणि गोवा ह्यांच्यामधील व्यापाराविषयी जे कळते ते फ्लोरिडाच्या हजार डब्लूनांवरून स्पेन आणि मेक्सिको ह्यांच्याविषयी कळत नाही.

मुंबई-पुण्याकडील जे संग्राहक आज परदेशी लिलावांतून अशी नाणी मागवू लागले आहेत त्यांना आमची एवढीच विनंती आहे. आठ एस्कुदोंचे नाणे हवेच असेल तर जमिनीवरच्या एखाद्या जुन्या, मालकीचा इतिहास ज्ञात असलेल्या संग्रहातून ते घ्यावे; तेच सोने, तोच ठसा, तोच पारखी तेथेही मिळतो. आणि विक्रेता जर बुडालेल्या जहाजाचे नाव सांगून वर रक्कम मागू लागला, तर त्यास विचारावे की हे नाणे तळाच्या कोणत्या जागी, कोणत्या दिवशी, कशाशेजारी सापडले आणि ती नोंद कोठे छापली आहे. उत्तरादाखल त्याने पुन्हा तोच दाखला पुढे केला, तर पैसे खिशातच ठेवावेत.